दारातलं टेबल

मेहुणा: वेल्डरला परत पाठवा, दाजी.

दाजी: का?

मेहुणा: टेबल कापायचं नाहीये.

दाजी: तुझ्याच रिपोर्टात लिहिलंय कापायचं म्हणून. ‘गाडी लागते त्या दारातलं टेबल काढून टाकावं.’ वाक्य तुझं. मी नुसता माणूस बोलावला.

मेहुणा: ते वाक्य चुकलंय.

दाजी: टायपिंगमध्ये?

मेहुणा: डोक्यात.

दाजी: मग डोक्यातच ठेव. तो खाली कटर घेऊन उभा आहे. गाडी लागायच्या आत मला ती जागा मोकळी हवीय.

(एका मोठ्या लॉन्ड्रीचा पोटमाळा, त्यात काचेची केबिन. खाली वॉशिंग मशिनं, ड्रायर, घड्या घालायच्या फळ्या आणि पलीकडच्या टोकाला गाडी लागते ते दार. केबिनचं दार उघडलं की खालचा आवाज आत येतो, लावलं की अर्धाच राहतो.)

मेहुणा: दार लावतो. मला नीट बोलायचंय.

दाजी: लाव. आणि पटकन बोल.

मेहुणा: ते टेबल गेलं की दादा घरी बसणार. बरोबर?

दाजी: माझा भाऊ आहे तो, मी बघेन.

मेहुणा: तुमचा थोरला भाऊ आहे. आणि आख्ख्या लॉन्ड्रीत त्यांचं दुसरं काही नाहीये. केबिन नाही, कपाट नाही, खुर्चीसुद्धा नाही. एक लोखंडी टेबल, तेही जमिनीला वेल्ड केलेलं. ते कापलं की माणूस कापला.

दाजी: नाटकात काम करतोस का? वाटा आहे त्याचा. निम्मा त्याचा, निम्मा माझा. तो कोण काढून घेतंय? घरी बसून घ्यायचा. लोक तरसतात असल्या नशिबाला.

मेहुणा: त्यांना विचारलंत?

दाजी: तू विचारलंस? विचारायचं काम तुझं होतं. अनालिस्ट तू. मी साधा कपडे धुणारा माणूस.

मेहुणा: विचारलं होतं. म्हटलं, दादा, तुम्ही प्रत्येक ट्रॉली दारात अडवता, वरचा गठ्ठा सोडता, आत हात घालता, परत बांधता. का? ते म्हणाले, सवय आहे. मी लिहिलं, सवय.

दाजी: मग झालं की. सवयीपायी हॉस्पिटलची गाडी रोज उशिरा. टेबल काढा. सरळ आहे.

मेहुणा: सरळ नाहीये ते. ‘सवय आहे’ हे उत्तर नसतंच दाजी. ते म्हणजे समोरच्यानं दार लावून घेतलं. आपण परत वाजवायचं असतं. मी नाही वाजवलं. मला वाटलं, चला, एक रकाना भरला.

दाजी: हे तुझ्या त्या कोर्सच्या कुठल्या व्हिडिओत सांगतात?

मेहुणा: पहिल्याच. मी तो दुप्पट स्पीडनं बघितला होता.

दाजी: वा. म्हणजे तुझ्या बहिणीनं माझ्या गळ्यात काय बांधलंय, ते आज कळलं. महिनाभर घरात एकच टेप. ‘माझा भाऊ स्वतःच्या हिमतीवर शिकलाय, त्याला एक काम द्या, एक संधी द्या.’ दिली. आता रिपोर्ट हातात आलाय तर तूच म्हणतोस फाडा.

मेहुणा: फाडा नाही म्हणत. बदलतो म्हणतोय.

दाजी: का पण? ट्रायल झाली ना? तूच सांगितलंस, आधी ट्रायल घेऊ. आठवडाभर दादाला घरी बसवलं. टेबलावर चिटपाखरू नाही. गाडी रोज वेळेवर. एक चादर ओली म्हणून परत आली नाही. आली?

मेहुणा: नाही आली.

दाजी: मग?

मेहुणा: काल मी पाणी प्यायला ड्रायरकडे गेलो.

दाजी: तिकडे जाऊ नकोस म्हटलं होतं.

मेहुणा: हो ना. पहिल्याच दिवशी म्हणालात. ‘तू दारापासून गाडीपर्यंत बघ, तेवढाच तुझा स्कोप. ड्रायरकडे फिरकू नकोस, उकाडा असतो, शर्टाची वाट लागेल.’ मला काय प्रेमळ वाटलात तुम्ही. ताईला फोन करून सांगितलं, दाजी किती काळजी घेतात.

दाजी: घेतली होती काळजी.

मेहुणा: कुणाची पण?

दाजी: तोंड सांभाळ.

मेहुणा: ड्रायर थांबायची वेळ झाली तरी चालूच. म्हटलं बिघडलं की काय. तिथली बाई वैतागलेली, माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, आठवडाभर असंच चाललंय, प्रत्येक लोड जास्त फिरवायचा, त्यासाठी सकाळी लवकर यायचं, पोरांचे डबे अर्धवट टाकून. मी विचारलं, कुणी सांगितलं? तिनं नुसतं वर बघितलं. या काचेकडे.

दाजी: बरं, मग?

मेहुणा: मग काय मग? सोमवारी सकाळी तुम्ही स्वतः खाली जाऊन सांगून आलात. हा आठवडा एकही ओला गठ्ठा जाता कामा नये, लागेल तेवढं फिरवा.

दाजी: अरे, ट्रायल फेल व्हावी म्हणून कोण ट्रायल घेतं?

मेहुणा: त्याला ट्रायल म्हणत नाहीत.

दाजी: काय म्हणतात? तुझ्या भाषेत सांग. मला ते तुझे शब्द आवडतात.

मेहुणा: माझ्या भाषेत लबाडी म्हणतात.

दाजी: परत बोल.

मेहुणा: एकदा बोललो ते पुरे आहे. दारात जो वेळ वाचला तो ड्रायरमध्ये गेला, एवढंच झालंय. वाचला नाही, इथून उचलून तिथे ठेवला. मी दारात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. आणि चादरी बघितल्यात का? पुठ्ठ्यासारख्या झाल्यात. कडा उसवायला लागल्यात. आणखी दोन महिने असं भाजलंत तर हॉस्पिटल ओल्या चादरी परत करणार नाही, फाटक्या परत करेल.

दाजी: तेव्हाचं तेव्हा.

मेहुणा: हे लिहू रिपोर्टात? ‘तेव्हाचं तेव्हा’?

दाजी: तू काहीही लिहायचं नाहीयेस आता. तुझं काम संपलं. आणि ऐक, तुला फार माणुसकीचा पुळका आलाय ना, एक दिवस माझ्याबरोबर चल हॉस्पिटलात. तो स्टोअरवाला मला व्हरांड्यात उभा करतो. आत बसायला खुर्ची असते, पण मला नाही. गाडी उशिरा आली की येणारा जाणारा ऐकेल अशा आवाजात म्हणतो, ‘तुमच्याकडे घड्याळ नाही का हो?’ माझ्या निम्म्या वयाचा माणूस. परवा म्हणाला, पुढच्या खेपेला दुसरी लॉन्ड्री बघतोय. तिथे मान खाली घालून कोण उभं राहतं? मी. दादा नाही. दादा इथे दारात राजासारखा उभा राहतो आणि गाठी सोडतो.

मेहुणा: हे मला माहीत नव्हतं.

दाजी: कसं असणार? मला विचारलंच नाहीस. मला विचारलंस ते, ‘तुमची अपेक्षा काय?’ आणि मी सांगितलं, गाडी वेळेवर. तेही तू लिहून घेतलंस, एका ओळीत.

मेहुणा: हो. तीही चूकच.

दाजी: चुकांचं दुकान उघडलंयस का?

मेहुणा: अजून आहेत, सांगू? पहिल्या दिवशी सगळ्यांना तुम्ही या केबिनमध्ये बोलावलंत. मी म्हटलं, मोकळेपणानं सांगा, कामात अडचण काय आहे. तुम्ही या खुर्चीत बसलेले. सगळे म्हणाले, काही नाही, सगळं छान. एकटा इस्त्रीवाला म्हणाला, पंखा हवा. मी पंखा लिहिला, पहिल्या नंबरला. तो तुम्ही खोडलात. म्हणजे माझ्या आख्ख्या सर्व्हेत जी एकच खरी गोष्ट होती ती गेली.

दाजी: पंख्यानं घड्या उडतात.

मेहुणा: त्यालाही माहीत असेल ते. तरी मागितला ना?

दाजी: झालं तुझं?

मेहुणा: नाही. सकाळी ताईचा फोन होता.

दाजी: घरचं इथे आणायचं नाही.

मेहुणा: घर आणि लॉन्ड्री वेगळी असती तर नसतं आणलं. ती म्हणाली, आठवडाभर घरात चिडीचूप आहे. दादा वरच्या मजल्यावर, तुम्ही खालच्या. जेवणं वेगळी. ती म्हणाली, आधी निदान लॉन्ड्रीच्या दारात तरी भांडायचे. आता तेही नाही.

दाजी: बरं झालं. डोकं शांत आहे माझं.

मेहुणा: दिसतंय.

दाजी: तुझ्या ताईला सांग, भाकऱ्या थाप. आणि तू खाली जा, वेल्डरला म्हण, कर सुरू.

मेहुणा: मी नाही म्हणणार.

दाजी: मग मी म्हणतो. फोन आहे माझ्याकडे.

दादा: फोन कशाला? इथूनच हाक मार. आज घसा चांगला लागलाय तुझा.

दाजी: दादा? तू कशाला आलास? आज तुझी सुट्टी आहे.

दादा: सुट्टी. बरं. दार लावू की उघडं ठेवू? खालून बघत होतो मी. काचेत नुसती तोंडं हलतात, माशांसारखी. म्हटलं, जाऊन ऐकावं तरी.

मेहुणा: दादा, बसा ना.

दादा: कुठे बसू? दोन खुर्च्या, दोन माणसं.

मेहुणा: माझी घ्या.

दादा: राहू दे. मला उभं राहायची सवय आहे. लिहून घे, घड्याळवाल्या, तुझा आवडता शब्द आहे.

दाजी: तुला कुणी सांगितलं? हिनं?

दादा: तुझी बायको कशाला सांगेल? वेल्डरनं फोन केला. ते टेबल त्याच्या बापाकडून मीच करून घेतलं होतं. तो म्हणाला, काका, तुमचं टेबल कापायला बोलावलंय, तुम्हाला माहीत असेलच. म्हटलं, असेलच.

दाजी: संध्याकाळी सांगणार होतो.

दादा: कापून झाल्यावर.

दाजी: आधी सांगून काय उपयोग होता? तू ऐकणार होतास? दहा वेळा सांगितलं, दादा, ट्रॉली अडवू नको. शंभर वेळा.

दादा: शंभर वेळा सांगितलंस, हे खरं आहे.

मेहुणा: दादा, मी रिपोर्ट बदलतोय. टेबल काढायचं नाही असं लिहितोय. ट्रायल नीट झाली नव्हती. ड्रायर...

दादा: तुला कुणी सांगितलं?

मेहुणा: काय?

दादा: मला वाचवायचं काम. दोन आठवडे माझ्या पाठीशी घड्याळ घेऊन उभा होतास. मी शिंकलो तर लिहायचास. मोरीत जाऊन आलो तरी तुझा काटा चालूच. एकदा तरी म्हणालास का, दादा, पाणी पिता का? आज एकदम माझा वकील झालास?

मेहुणा: बरोबर आहे तुमचं.

दादा: बरोबर आहे तर गप्प बस.

दाजी: ऐकलंस? याच्यासाठी भांडत होतास माझ्याशी.

मेहुणा: गप्प नाही बसणार. दादा, मला एक सांगा. मी उभा होतो तेवढ्या दिवसांत ओला गठ्ठा किती वेळा निघाला?

दादा: तुझ्याकडे लिहिलेलं असेल.

मेहुणा: तुमच्या तोंडून ऐकायचंय.

दादा: एकदाही नाही.

दाजी: हं. आता बोल.

मेहुणा: त्याच्या आधी?

दादा: एकदा गेला होता. हे हॉस्पिटल नवीन होतं तेव्हा. आत दमट राहिलेला, दोन दिवसांनी त्यांनी उघडला, आख्ख्या वॉर्डात वास. सगळा माल तोंडावर आणून टाकला आमच्या. तेव्हापासून बघतो.

दाजी: तेव्हा आपल्याकडे जुने ड्रायर होते. नवे येऊन किती वर्षं झाली. या ड्रायरमधून ओलं निघत नाही, हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

मेहुणा: माहीत आहे दादा?

दादा: आहे.

मेहुणा: मग गठ्ठा का सोडता?

दादा: सवय.

मेहुणा: ते मी एकदा लिहिलंय. परत विचारतोय.

दादा: परत तेच सांगेन.

मेहुणा: मग मी परत विचारेन. मला आज दुसरं काम नाही.

दादा: चिकट आहेस रे.

दाजी: अरे, कशाला त्याला कोरतोस? मी सांगतो कारण. मला छळायला. गाडी लागलेली असते, ड्रायव्हर हॉर्न मारत असतो, हॉस्पिटलातून फोन येत असतो, आणि हा पाहुण्याच्या बॅगेची गाठ सोडावी तशी एक एक गाठ सोडत बसतो. मला वरून दिसतं सगळं. डोकं फिरतं माझं. मुद्दाम करतोस ना? आज सांगच याच्यासमोर. मुद्दाम करतोस ना?

दादा: हो.

दाजी: बघ. कबूल केलं.

दादा: कबूल काय करायचंय? चोरी आहे का?

मेहुणा: दादा, मुद्दाम म्हणजे?

दादा: मुद्दाम म्हणजे मुद्दाम. गाठ चटकन सुटते, मी हळू सोडतो. फोन वाजला की आणखी हळू.

दाजी: काय मिळतं रे तुला त्यातून? काय मिळतं?

दादा: तू येतोस.

दाजी: काय?

दादा: खाली. गाडी अडली की तू हा जिना उतरून येतोस. पाय आपटत. ‘दादा, सोड ना गाडी. दादा, किती वेळ. दादा, अक्कल गहाण टाकलीस का.’ मग मी पण बोलतो काहीतरी. मग तू वर जातोस.

दाजी: हे काय कारण झालं?

दादा: तो परत परत विचारतोय म्हणून सांगितलं. नाहीतर सवय म्हणून चाललं होतं की.

दाजी: माझ्या शिव्या खायला मला खाली बोलवत होतास?

दादा: दुसरं काय बोलतोस तू माझ्याशी? आई गेल्यापासून घरात एकमेकांच्या वाटेला जात नाही आपण. तू अंगणात असलास की मी गच्चीत. इथे तू वर. ही केबिन बांधलीस तेव्हा म्हणालास, वरून सगळ्यांवर लक्ष राहील. राहत असेल. चार वाजता काचेपाशी उभा राहून एकटा चहा पितोस, ते खालून मला दिसतं. म्हटलं, याला खाली आणायचा एकच मार्ग आहे. गाडी अडवायची.

दाजी: तू वर यायचंस. जिना दोन्ही बाजूंनी चालतो.

दादा: आलो की आज. बसायला जागा आहे का बघ.

दाजी: लागट बोलू नकोस. तिकडे व्हरांड्यात मी काय ऐकून घेतो, माहीत आहे तुला? तुझ्या त्या गाठीपायी?

दादा: नाही माहीत. कधी सांगितलंस?

दाजी: दारात सांगायचं? ड्रायव्हरसमोर?

दादा: मग कुठे सांगणार होतास? जागाच नाही दुसरी.

मेहुणा: दाजी, मी एक बोलू?

दाजी: नको.

मेहुणा: बोलतोच. गाडी उशिरा जाते ते खरं आहे. हॉस्पिटलचं काम जाईल, तेही खरं. पण जास्त फिरवून चादरी फाडायच्या, बायकांना पहाटे उठवायचं, हेही चालणार नाही. कोणीतरी हात लावून बघायलाच हवं, म्हणजे त्या बायका भिऊन जास्त फिरवणार नाहीत. फक्त ते दारात नको. तिथे गठ्ठा बांधून झालेला असतो, सोडा, परत बांधा, गाडी उभी. ते टेबल ड्रायरच्या तोंडाशी न्यायचं. चादर बाहेर येते, घडी पडायच्या आधी दादांनी बघायची. गाठच नाही. गाडीला थांबायचं कारण नाही. वेल्डर आलाच आहे. कापू दे, पण तिकडे नेऊन परत जोडू दे. हे मला पहिल्या आठवड्यात सुचायला हवं होतं. पण मी ड्रायरकडे गेलोच नव्हतो ना.

दाजी: टोमणा मारायची संधी सोडत नाहीस.

मेहुणा: तुमचाच मेहुणा आहे.

दाजी: म्हणजे गाडी वेळेवर जाईल.

मेहुणा: जाईल. खरंच जाईल, ट्रायलसारखी नाही.

दाजी: आणि दादा घरी नाही बसणार.

मेहुणा: नाही.

दाजी: हे आधी का नाही बोललास? दार लावून अर्धा तास भांडत बसलास.

मेहुणा: आधी सुचलं नव्हतं. आत्ता हे बोलत होते तेव्हा सुचलं.

दादा: घड्याळवाल्या, एक विचारू?

मेहुणा: विचारा ना.

दादा: टेबल तिकडे गेलं की गाडी अडणार नाही.

मेहुणा: नाही अडणार. तेच तर हवंय.

दादा: मग हा खाली कशाला येईल?

मेहुणा: थांबा, वही बघतो.

दादा: लिही. का, रकाना नाही?

मेहुणा: नाहीये, दादा.

दादा: मग कापलं काय, हलवलं काय. माझ्यासाठी सारखंच. तिथे ड्रायरच्या गरम वाफेत उभा राहीन, चादरी चाचपत, ओलं नसलेलं बघत. त्यापेक्षा घरी बसतो. याचं बरोबर आहे. निम्मा वाटा आहे, घरी बसून घेतो.

दाजी: कुणी सांगितलं घरी बस म्हणून?

दादा: तूच. आत्ता नाही, आठवडाभर.

दाजी: मी ट्रायल म्हणून सांगितलं होतं.

दादा: ट्रायल चांगली झाली म्हणतात.

दाजी: थांब, फोन येतोय. हां, बोल. नाही, अजून नाही. अरे हो, गाडी लागेल आता, कळतं मला. थांब म्हटलं ना. कटर बंद कर आणि थांब. सांगतो.

मेहुणा: वेल्डर?

दाजी: विचारतोय, कापू की जाऊ.

मेहुणा: मग?

दाजी: मला विचार करू देणार आहेस का? सगळे माझ्याच मानेवर.

दादा: मी निघतो. तुमचं चालू दे.

दाजी: निघतो काय? एवढा जिना चढून आलास. दादा, हॉस्पिटलचं काम गेलं तर दोघंही घरी बसू. मग काय घरात एकमेकांना टाळत फिरायचं दिवसभर?

दादा: फिरतोच की.

दाजी: टेबल ड्रायरकडे जाईल. हे नक्की. मला गाडी वेळेवर हवी.

दादा: ने. तुझी लॉन्ड्री आहे.

दाजी: निम्मी तुझी आहे. आणि तिथे भयंकर गरम होतं, एक पंखा लागेल. तो इस्त्रीवाल्याच्या बाजूनं लावू, म्हणजे त्याचंही तोंड बंद होईल. काय रे, हसतोस कशाला?

मेहुणा: कुठे हसलो? पहिल्या नंबरची गोष्ट होती, एवढंच.

दाजी: तू जा खाली. वेल्डरला म्हण, नीट काप, पाय वाकडे करू नकोस, परत जोडायचंय. आणि तुझा तो रिपोर्ट नव्यानं लिही. या वेळी हळू स्पीडनं.

मेहुणा: दादांचं कारण काय लिहू त्यात?

दादा: सवय लिही.

मेहुणा: बरं. दार लावून घेऊ?

दाजी: उघडंच राहू दे. दादा, ऐक. मी काही रोज उठून त्या ड्रायरपाशी येणार नाहीये. सांगून ठेवतो. मला शंभर कामं असतात.

दादा: नको येऊस. कुणी बोलावलंय?

दाजी: दुपारचा लोड किती वाजता निघतो तिथून?

दादा: तू इथे एकटा चहा पितोस ना, तेव्हाच.